वेशीवरचा वाटाड्या

बाजाराच्या वेशीवर एकच वाटाड्या आहे आणि त्यानेच आत दुकान थाटले, तर तो गिऱ्हाईक कोणाकडे पाठवील? २००९ मध्ये गूगलने अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांच्या नकाशांवर विक्रीची घरे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. पण १० फेब्रुवारी २०११ रोजी ती सोय बंद झाली. वापर कमी आणि इतर संकेतस्थळांची साधने उत्तम, अशी कारणे कंपनीने दिली. वाट दाखवणे वेगळे आणि माल ताजा ठेवणे वेगळे! घर विकले गेले की त्याची जाहिरातही लगेच काढावी लागते. तरीही शोधयंत्राच्या यादीतले पहिले नाव पहिलेच का, हे नेहमी विचारा.