सूक्ष्म कणांचे विष आणि मुगाची मुळे

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली ज्या गुरुकुंज मोझरीस आश्रम स्थापिला, तेथील आयुर्वेद महाविद्यालयात रसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे काम केवळ पाठांतराने भागत नाही. भस्म बोटांवर चोळले असता त्वचेच्या रेषांत शिरले पाहिजे व स्थिर पाण्यावर टाकले असता तरंगले पाहिजे, ह्या ‘रेखापूर्ण’ आणि ‘वारितर’ नामक कसोट्या त्याला स्वतः पाहाव्या लागतात. कण किती बारीक आहे ह्यावर द्रव्याचा गुण अवलंबून असतो, ही जाण त्या कसोट्यांच्या मुळाशी आहे. द्रव्याच्या विषारीपणाबाबतही तीच जाण आपल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, आणि तीही पहिल्याच वर्षी, मिळाली पाहिजे असे मला आग्रहाने वाटते.

एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. तोच घन एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग, एवढ्या बाजूच्या घनांत विभागला, तर एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो. घन पदार्थाची रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्यामुळे, पैंजणातली निरुपद्रवी चांदी नॅनोकणांच्या रूपात जंतूंचा संहार करू शकते. अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात डॉ. महेंद्र राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच विषयावर दीर्घकाळ संशोधन केले असून, त्यांचा २००९ सालचा आढावा जगभरच्या अभ्यासकांनी आधारास घेतला आहे. परंतु जे जंतूला मारक, ते पिकाच्या मुळाला आणि मातीतल्या उपकारक जिवाणूंना कितपत मारक?

ह्या प्रश्नाचा प्राथमिक शोध घेण्यास महागडी यंत्रे लागत नाहीत. सिल्व्हर नायट्रेट बहुतेक महाविद्यालयांच्या कपाटात असतेच. त्याच्या विरल द्रावणात कडुनिंबाच्या पानांचा गाळलेला काढा मिसळला, की मिश्रण हळूहळू पिवळसर आणि मग तपकिरी होत जाते. चांदीचे कण जन्मास आल्याची ती खूण. मग टिपकागद घातलेल्या काचेच्या बशांत मुगाचे दाणे मांडावयाचे. एका बशीत शुद्ध पाणी, दुसरीत नुसता काढा, तिसरीत नुसते सिल्व्हर नायट्रेट, आणि उरलेल्यांत नॅनोकण चढत्या प्रमाणात. पाचव्या दिवशी प्रत्येक मूळ पट्टीने मोजून नोंदवहीत उतरवावयाचे. ह्यात तिसऱ्या बशीचे महत्त्व सर्वाधिक आहे. कारण कणांपासून विरघळून सुटणारे चांदीचे आयनही विषारी असतात, आणि ती बशी नसेल तर मुळे खुंटल्याचा सारा दोष विद्यार्थी बिनदिक्कत कणांच्या माथी मारील. दाणेही भरपूर हवेत, कारण शुद्ध पाण्यातही दोन मुळे सारखी वाढत नाहीत.

पाण्याचा मामला तर आणखी विचार करावयास लावणारा आहे. फॅरेडेने १८५७ साली वर्णिलेले सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण मीठ पडताच निळसर होते, कारण सुटे कण एकमेकांना चिकटतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी आणून विद्यार्थ्याने ह्याचा पडताळा घ्यावा; ऊर्ध्वपातित पाण्यात निघालेला निष्कर्ष आपल्या शिवाराला जसाच्या तसा का लावता येत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. ती औषधे नॅनोकणांची नव्हती. मात्र मात्रा आणि संपर्क ह्यांविषयीच्या ज्ञानाची किंमत त्या घटनेने दाखविली. २०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटल्या बाजारात आल्या आहेत, आणि नॅनो कृषि-निविष्ठांच्या परीक्षणासाठी केंद्र सरकारने २०२० सालीच मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. बशीतल्या मुगावरून अशा उत्पादनांचा निवाडा मुळीच करता येणार नाही. पण निवाडा करताना कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यावरून निश्चित कळते.

म्हणून विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात ह्या एका प्रात्यक्षिकाची तरतूद करावी, आणि उरलेले चांदीचे द्रावण मोरीत न ओतता, चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या बाटलीत साठविण्याची सक्तीही त्यातच अंतर्भूत करावी.