काँक्रीटला भोंक पाडणारें टोंक

विज्ञानाच्या खोलींत आम्हांस एक फळी बसवावयाची होती. गिलावा सहज फुटला. पण आंतील काँक्रीटशीं गांठ पडतांच ड्रिलच्या बिटाचें टोंक थबकलें, तापून लाल झालें व बोथट होऊन बाहेर आलें. लोखंडास भोंक पाडण्याचें बिट आम्हीं घाईंत लावलें होतें! मुलें हंसलीं, पण त्यांचा प्रश्न रास्त होता : लोखंडास भेदणारें पोलाद काँक्रीटपुढें कां हरावें?

काँक्रीटांत सिमेंटापेक्षां वाळू व गिट्टीच अधिक असते. कन्हान नदीच्या वाळूंत गारेचे कण विपुल असतात. मोह्झच्या मापनांत हिऱ्यास 10 व गारेस 7 अंक आहेत. चांगलें पोलादहि गारेच्या आसपासच घुटमळतें. तेव्हां त्या वाळूवर फिरतांना आमचें बिटच घासलें गेलें, यांत नवल नाहीं.

टंगस्टन व कार्बन यांच्या संयोगानें होणारें कार्बाइड याच मापनांत 9 च्या जवळ जातें. पण तें ठिसूळ. जर्मनींत विजेच्या दिव्यांची टंगस्टनची तार हिऱ्याच्या साच्यांतून ओढीत, आणि तो साचा फार महाग पडे. त्याच्या जागीं दुसरें कांहीं शोधतांना कार्ल श्रोटर यांनीं 1923 सालीं कार्बाइडच्या भुकटींत कोबाल्टची भुकटी मिसळून, दाबून ती भाजली. वितळलेल्या कोबाल्टनें कठीण कण एकमेकांस बांधून धरले. पुढें क्रुप कंपनीनें हा पदार्थ ‘विडिया’ या नांवानें विकला. ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांचा तो संक्षेप होय. टंगस्टन आम्हां नागपूरकरांस अगदींच परका नव्हे. त्याचें वुल्फ्रामाइट हें खनिज याच जिल्ह्यांत, कुही व आगरगांव या भागांत, आढळतें.

बिटाचा दांडा साध्या पोलादाचा असतो. कार्बाइडची लहानशी चकती तेवढी टोंकाशीं झाळून बसवितात. सुताराचें गिरमीट लाकूड कापतें, तसें हें काँक्रीट कापीत नाहीं. यंत्र मागून भराभर ठोके देतें, टोंक दगड चिरडतें, आणि दांड्यावरील पन्हळींतून भुकटी वर येते. ठोके बंद ठेवून नुसतें दाबून फिरविल्यास टोंक तापतें, झाळ मऊ होते व चकती निखळते. तापलेलें बिट पाण्यांत बुडविलें तर चकतीस तडा जातो. ती भुकटी मात्र क्षुल्लक समजूं नये. गारेची बारीक धूळ वर्षानुवर्षें श्वासावाटे गेल्यास फुप्फुसें कायमचीं निकामी होतात. म्हणून डोळ्यांस चष्मा व नाकास धुळीचा मुखवटा हवाच.

दुसऱ्या दिवशीं योग्य बिट आणलें. पहिलें भोंक झटकन् पडलें; दुसऱ्यांत आंतील सळई लागून खणखण आवाज आला. सळईवर कार्बाइडची धार तुटते, म्हणून आम्हीं लागलीच थांबलों व जागा बदलली. फळी आतां अर्धी वीत डावीकडे आहे.