काचपेटीत तळाचा सोबती पारखून घ्या



पोराबाळांच्या हट्टापायी आता गावातही माशांची काचपेटी दिसू लागली आहे. वर गप्पी खेळतात, मग दुकानदार म्हणतो, "तळ साफ राहायला एक सकर न्या." इथंच घात होतो. बोटाएवढा दिसणारा हा मासा फूट-दीड फूट वाढतो. शेवाळ खाईल थोडं, घाण करील जास्त. पेटी अपुरी पडली की लोक त्याला नदीत, गावतळ्यात सोडतात. तिथे तो तगतो, काठाला बिळे पाडतो आणि काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाडतो.

आंतरपीक निवडताना आपण पाहतो ना, की एकाने दुसऱ्याचा घास ओढू नये? तसंच इथे. गप्पी वरच्या थरात राहतात. तळाला शांत, लहान जात हवी. दोन फूट लांबीच्या, सुमारे ५० लिटरच्या पेटीत कोरिडोरस हे मिशीवाले मासे सहा ठेवावेत. ते दोन-अडीच इंचच वाढतात, पण एकटा मासा बुजून राहतो. तळाला बारीक, गोल कणांची वाळू घाला. टोकदार खडीने मिशा झिजतात. तळाला दुसरी जात किंवा खेकडा नको. जागा थोडी, भांडण ठरलेलं.

उष्ट्यावर ते जगतील असं समजू नका. दिवेलागणीला बुडणाऱ्या गोळ्या टाका. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात भरून ठेवा.

आणि ध्यानात ठेवा: सकर आणलाच असेल तर दुकानात परत द्या. पेटीतला मासा ओढ्या-तळ्यात कदापि सोडू नका.