लीन वेव्हर : बांधकामातील हक्कसोडपत्र

अमेरिकेत इमारतीसाठी श्रम वा साहित्य पुरविणाऱ्याचे देणे थकल्यास त्या मिळकतीवरच बोजा (लीन) नोंदविण्याचा जो अधिकार त्याला कायद्याने लाभतो, त्याचा उगम वॉशिंग्टन या नव्या राजधानीच्या उभारणीस चालना मिळावी म्हणून मेरीलँडने १७९१ साली केलेल्या कायद्यात आहे. मुख्य कंत्राटदाराला मालकाने रक्कम चुकती केली, तरी पोटकंत्राटदाराची किंवा विटा पुरविणाऱ्या व्यापाऱ्याची बाकी राहिल्यास अनेक राज्यांत बोजा मालकाच्याच मिळकतीवर चढतो. म्हणून प्रत्येक हप्त्याच्या मोबदल्यात बोजा नोंदविण्याचा हक्क सोडल्याचे हक्कसोडपत्र (लीन वेव्हर) लिहून घेण्याचा प्रघात तेथे रूढ झाला आहे.

कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतील चार नमुने :

• चालू हप्ता, सशर्त (कलम ८१३२)
• चालू हप्ता, बिनशर्त (कलम ८१३४)
• अखेरचा हप्ता, सशर्त (कलम ८१३६)
• अखेरचा हप्ता, बिनशर्त (कलम ८१३८)

सशर्त पत्र रक्कम प्रत्यक्ष पदरात पडल्यावरच अंमलात येते. बिनशर्त पत्र मात्र, पैसे मिळाले नसले तरी, सही करणाऱ्यावर बंधनकारक ठरते, आणि तसा स्पष्ट इशारा त्या नमुन्याच्या माथ्यावरच छापण्याची कायद्याने सक्ती केली आहे.

यास्तव धनादेश वटल्याची खातरजमा होईपर्यंत कारागिराने बिनशर्त पत्रावर सही करू नये, आणि पोटकंत्राटदारांची व पुरवठादारांची पत्रे दप्तरी दाखल झाल्याखेरीज मालकाने पुढील हप्ता अदा करू नये.