मागचे पाय लुळे पडतात तेव्हां

घरांतील म्हातारा अल्सेशियन मागचे पाय ओढूं लागला कीं, ‘आतां त्याचें वय झालें’ असें म्हणून वडील माणसें मोकळीं होतात. कोणी तेलाचें मालिश सुचवितो, तर कोणी त्यास कायमचें झोंपविण्याचा सल्ला देतो. निदानापूर्वीं यांपैकीं कांहींही करणें आम्हांस गैर वाटतें.

पृष्ठरज्जूचा हळूहळू ऱ्हास करणारा एक विकार कुत्र्यांत आढळतो. १९७३ मध्यें अल्सेशियन जातींतील त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. बहुधा आठ वर्षांच्या वयानंतर नखें फरशीवर घासूं लागतात, पाऊल उलटें पडतें, चाल डुलते. मात्र वेदना नसते. मणक्यांमधील चकती सरकल्यासही पाय लुळे पडतात. परंतु तेथें पाठ बहुधा दुखते, आणि तें दुखणें शस्त्रक्रियेनें पुष्कळदां बरें होतें. म्हणून एम्.आर्.आय्. तपासणीनें चकती व गांठ ह्यांचा निकाल आधीं लावावा.

२००९ मध्यें ह्या विकाराशीं निगडित असा एसओडी१ जनुकांतील दोष सांपडला. मनुष्याच्या ए.एल्.एस्. रोगांत ह्याच जनुकाचे दोष १९९३ मध्यें आढळले होते. जनुकाच्या तपासणीनें धोका तेवढा कळतो. दोष असलेलें प्रत्येक कुत्रें आजारी पडतेंच असें नाहीं. निर्णायक पुरावा मृत्यूनंतर रज्जूच्या सूक्ष्मदर्शक परीक्षेंतच मिळतो. तेव्हां जिवंतपणींचें निदान म्हणजे इतर कारणें एकेक करून वगळणें होय.

हा विकार असाध्य आहे खरा. परंतु बरें होणारें दुखणें असाध्य समजून मुक्या जिवाचा निरोप घेणें ह्याहून मोठा अन्याय कोणता?