वावडें आणि वय

गाजरगवत सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यास नवें राहिलेलें नाहीं. १९५६ सालीं पुण्यांत या अमेरिकन तणाची नोंद झाली; पुढें बांध, पडीक रानें व रस्त्यांच्या कडा त्यानें व्यापल्या. त्यांतील पार्थेनिन नांवाच्या द्रव्याचें ज्यांना वावडें जडतें, त्यांच्या पापण्या, मान व कोपरांच्या आंतील बाजू लाल होऊन खाजूं लागतात. वैद्यांचा अनुभव असा कीं, हा विकार मुलांपेक्षां शेतांत राबणाऱ्या प्रौढांत अधिक आढळतो. पण हा अधिकपणा खरा कीं योगायोगाचा खेळ, हें ठरवावें कसें?

समजा, कऱ्हाड व वाळवें या तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकून माणसें निवडलीं : २०० मुलें, २०० प्रौढ. (आंकडे केवळ उदाहरणादाखल.) मुलांपैकीं ६ जणांत व प्रौढांपैकीं १६ जणांत वावडें निघालें. न्यायाधीश आरोपीस प्रथम निर्दोष धरतो, त्याप्रमाणें संख्याशास्त्रज्ञ ‘वयानें कांहीं फरक पडत नाहीं’ असें धरून चालतो. तसें असतें तर २२ रोगी ११-११ असे वांटले जावयाचे. प्रत्यक्षांत संख्या ५ नें ढळली. त्या पांचाचा वर्ग करून अपेक्षित संख्येनें भागावयाचें, निरोगी माणसांचेंही तसेंच करावयाचें, आणि चारही भागाकार मिळवावयाचे. बेरीज येते सुमारें ४.८१. ही कार्ल पिअर्सन यांनीं १९०० सालीं मांडलेली काय-वर्ग कसोटी. वयाचा संबंध नसतां ही बेरीज ३.८४ च्या पलीकडे शंभरांत पांचच वेळां जाते. म्हणून मूळ गृहीत सोडणें भाग पडतें.

आतां गंमत पाहा. दोन्ही गट शंभरांचेच घेतले आणि रोगी ३ व ८ निघाले, तर प्रमाण तेंच राहतें. पण बेरीज सुमारें २.४ च येते व गृहीत सोडतां येत नाहीं. एवढ्यावरून ‘फरक नाहींच’ म्हणणें ही दुसऱ्या प्रकारची चूक. या दोन चुकांचा हिशेब जर्झी नेमन आणि कार्ल यांचे पुत्र ईगन पिअर्सन यांनीं नीट मांडला. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत याच वर्तुळांत शिकून १९३६ सालीं डॉक्टर झाले. तेव्हां सातारकरांस हें शास्त्र परकें नव्हे.

खरी जोखीम पुढेंच आहे. पहिली कसोटी वाचून एखाद्या शाळेनें ‘मुलें निर्धोक’ असें मानलें आणि तीं उघड्या हातांनीं तण उपटावयास पाठविलीं, तर? वावडें वारंवारच्या संसर्गानें जडतें. येथें वय म्हणजे कदाचित् शेतांत घालविलेल्या वर्षांचेंच दुसरें नांव असेल. तसें असल्यास मुलांचें संरक्षण त्यांना रानांत धाडतांच ओसरूं लागेल. हें उकलावयाचें तर एकाच वयाचे शेतमजूर व सांगलीच्या पेठेंतील दुकानदार यांची तुलना केली पाहिजे. शिवाय ही गणती दवाखान्याच्या दारांत करून चालणार नाहीं : लेंकराच्या अंगावर पुरळ दिसतांच आई त्याला घेऊन येते, आणि बाप मात्र सुगी संपेपर्यंत खाजवीत राहतो.