जागत्यांची झोप

लालबागच्या राजाची मिरवणूक अनंत चतुर्दशीला निघते आणि गिरगाव चौपाटीवर विसर्जन होते ते दुसऱ्या दिवशी. 2025 साली 6 सप्टेंबरला निघालेल्या मूर्तीचे विसर्जन भरतीमुळे रखडले आणि 7 सप्टेंबरच्या रात्री पार पडले. भाविक दर्शन घेऊन घरी जातात, कार्यकर्ते आळीपाळीने पाठ टेकतात. चिंचपोकळी, भायखळा, नागपाडा ते ऑपेरा हाऊस या वाटेवर ‘पॉइंट’ला उभ्या असलेल्या पोलीस अंमलदाराला मात्र बदली माणूस आल्याखेरीज जागा सोडता येत नाही. त्याच्या जागरणाचे आपण कौतुक करतो. पण त्या जागरणाचा त्याच्या डोळ्यांवर, हातांवर आणि निर्णयावर काय परिणाम होतो, हे मोजायला हवे. जगभरच्या सैन्यदलांनी ते मोजले आहे.

1985 मध्ये अमेरिकेत डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल या संशोधकांनी दहा मिनिटांची एक साधी चाचणी तयार केली. पडद्यावर अनियमित अंतराने खूण उमटते आणि ती दिसताच बटण दाबायचे. प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागला, की ती ‘चूक’ धरली जाते. झोप कमी झाली की या चुका वाढतात. मनगटावरच्या पट्ट्यातून हालचालींची नोंद घेऊन झोपेचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून पुढच्या कामगिरीच्या वेळी माणूस कितपत सावध असेल याचे गणित मांडायचे, ही पद्धत प्रामुख्याने लष्करी संशोधनातूनच वाढली.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा 2003 मधला प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची सावधता एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. आपण इतके थकलो आहोत, हे त्यांना स्वतःला मात्र फारसे जाणवत नव्हते. त्यामुळे ‘साहेब, मी ठीक आहे’ या उत्तरावर कोणाची ड्युटी ठरवता येत नाही. 1997 मधल्या आणखी एका अभ्यासानुसार सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसासारखा वागतो. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. नाकाबंदीत मद्यपी चालक पकडणारा शिपाई पहाटे ड्युटी संपवून कल्याण-बदलापूरकडे मोटारसायकलने निघतो, तेव्हा तोही तितक्याच धोक्यात असतो.

दक्षिण मुंबईतल्या नौदल गोदीत उभ्या असणाऱ्या जहाजांना थकव्याचा हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. जहाजावरचे पहारे पूर्वापार चार-चार तासांचे. तेच ते तास रोज एकाच्याच वाट्याला येऊ नयेत म्हणून संध्याकाळचे चार तास दोन भागांत विभागलेले. व्यवस्था न्याय्य, पण अशी वेळ रोज सरकत राहिली की शरीराचे घड्याळ जुळत नाही. 2017 मध्ये अमेरिकी नौदलाच्या फिट्झगेराल्ड आणि जॉन मॅकेन या जहाजांच्या अपघातांत मिळून 17 खलाशी गेले. चौकशीत थकव्याचाही मुद्दा पुढे आला आणि मग त्या नौदलाने झोपेच्या ठरावीक वेळा सांभाळणारे पहाऱ्याचे वेळापत्रक स्वीकारले.

मुंबई पोलिसांनीही असे पाऊल उचलले होते. मे 2016 मध्ये तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी देवनार पोलीस ठाण्यात बारा तासांऐवजी आठ तासांची ड्युटी सुरू केली. आराखडा त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने मांडला होता. पुढे तो शहरभर नेला गेला, पण सणावाराचा बंदोबस्त लागला की तास पुन्हा वाढतात. देशभरचे चित्र याहून कठीण होते. पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या 2014 च्या अहवालानुसार ठाण्यांतले जवळजवळ 90 टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करत होते आणि सुमारे 74 टक्क्यांना महिन्यातून एकदाही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती.

ड्युटी संपली म्हणजे झोप मिळाली असेही नाही. नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्यांमध्ये पोलिसांच्या पिढ्या राहिल्या. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दुपारी झोपायचे कुठे? मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, पाहुणे, सगळे त्याच खोलीत. गिरणगावातल्या रातपाळीच्या कामगारांचीही हीच गत होती.

सावध पोलीस हवा असेल, तर त्याची झोप बंदोबस्ताच्या नियोजनातच धरली पाहिजे. मनुष्यबळाच्या तक्त्यात प्रत्येक पॉइंटला बदली माणूस आणि त्याची वेळ लिहिलेली असावी. विसर्जनाच्या वाटेवरच्या शाळा आणि सभागृहांत अर्धा तास आडवे होण्याची सोय मंडळांनी आणि महापालिकेने करावी. रात्रभर जागलेल्याला घरी सोडायला गाडी द्यावी. सलग किती तास झाले याची नोंद हजेरीइतक्याच काटेकोरपणे ठेवावी आणि ठरलेली मर्यादा ओलांडली, की वरिष्ठानेच त्याला पॉइंटवरून उतरवावे. थकलेल्या माणसाला आपला थकवा कळत नाही. म्हणून ‘आता पुरे’ म्हणण्याची जबाबदारी त्याच्यावर सोडू नये, ती व्यवस्थेने घ्यावी.